चांगला शब्द आला की दोर ओढायचा

रुपचंद पाटलाच्या तोंडून कुणाबद्दल चांगला शब्द निघाला, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी गावाने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. त्याच्या लेखी सरपंच म्हणजे बुजगावणं, तलाठी म्हणजे चालताबोलता मुडदा, आणि जळगावपासून धुळ्यापर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना जेवढी म्हणून माणसं राहतात ती बठ्ठी येडी. बायकोचा भाऊ चुडामण धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवायचा, त्याला हा 'खडूचा तुकडा' म्हणायचा, आणि तेही मेहुणा समोर बसून चहा पीत असताना. बायकोने, पुनमने, लग्नानंतर काही वर्षं चांगल्या शब्दाची वाट पाहिली, मग नाद सोडला. भाजी बिघडली की नवरा बोलतो आणि जमली की मुकाट ताट चाटून उठतो, एवढं तिने ओळखून ठेवलं. ज्या दिवशी काही ऐकून घ्यावं लागलं नाही तो दिवस चांगला गेला, असं ती धरून चालायची. आता याला कुणी संसार म्हणत असेल तर म्हणो.

माणूस खवट, पण कामाला पक्का. तरुणपणी समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणबुड्या म्हणून लागला, खोल पाण्यात नळ जोडले, झडपा बदलल्या, आणि जितके साहेब भेटले तितक्यांशी भांडून एक दिवस सामानसुमानासकट एरंडोलजवळच्या आपल्या गावी परत आला. आता विहिरीत पडलेल्या मोटारी काढायचा, धरणाच्या दारात अडकलेले ओंडके सोडवायचा, दीपनगरला वीजकेंद्राच्या कालव्यातल्या जाळ्या साफ करायला जायचा. तो खाली आणि पुनम काठावर, असं ठरलेलं. तिच्या हातात त्याच्या कमरेला बांधलेला दोर आणि कानावर फोन. त्याचा मास्क कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं तोंड झाकणारा, आत बोलायची सोय, आणि त्याची तार दोराबरोबर वर आलेली. म्हणजे घरात ऐकायचं ते ती पाण्याखालूनही ऐकायची. विहिरीत उतरल्या उतरल्या तो विहीर खणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागायचा.

एक नियम मात्र त्याने तिला पहिल्याच दिवशी शिकवला होता, आणि तोही डाफरूनच. शंभर फुटांच्या खाली गेलं की साध्या हवेतला नायट्रोजन डोक्यात चढतो, दारू चढावी तसा. ज्याला चढते त्याला ते कळत नाही. त्याला वाटतं आपण अगदी शुद्धीवर आहोत. कुणी हसत सुटतो, कुणी घाबरून रडतो, कुणी माशालाच आपली हवेची नळी देऊ करतो. आणि रुपचंदला चढली की तो भला माणूस होतो. समुद्रात असताना ज्या साहेबाचं तोंड बघायला तो तयार नसे, त्यालाच एकदा खालून फोनवर म्हणाला होता, साहेब, तुमच्यासारखा देवमाणूस मी पाहिला नाही. साहेब शहाणा. त्याने ताबडतोब ओढून वर घेतलं.

"माझ्या तोंडून चांगला शब्द आला की दोर ओढायचा," त्याने पुनमला बजावलं होतं. "मला विचारायचं नाही, वाट बघायची नाही. थोडं वर आलं तरी उतरते. डोक्यात शिरलं का?"

डोक्यात शिरलं होतं, पण आपल्याकडच्या विहिरींना एवढी खोली कुठली. इतक्या वर्षांत तिला कधी दोर ओढावा लागला नाही, कारण इतक्या वर्षांत चांगला शब्दच आला नाही.

यंदा कानबाईने सगळं घडवलं. कानबाईने म्हणजे भूपेंद्रने. देवीला उगाच बोल नको. भूपेंद्र हा रुपचंदचा चुलतभाऊ. रुपचंदची आई तो लहान असतानाच गेली, त्याला लहानाचा मोठा केला तो भूपेंद्रच्या आईने, भिकुबाईने. तिला सगळी भावकी मोठी माय म्हणायची. भूपेंद्रला पुढारी व्हायचं होतं. अजून कुठे निवडून आला नव्हता, पण हात जोडलेला फोटो चौकाचौकात लागला होता, आणि गाडीच्या काचेवर स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत की समोरचा रस्ता दिसायला जेमतेम जागा.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिला पाण्यावर नेतात. कानबाई म्हणजे मुळात नारळ. पाटलांकडे त्या नारळावर बसवायला चांदीचा मुखवटा होता, चांगला वजनदार, मोठ्या मायच्या आजेसासूच्या वेळचा. पाण्याशी गेलं की मोठी माय मुखवटा आणि नथ उतरवून आपल्या ओच्यात घेते, आणि नारळ तेवढा पाण्यात बुडवून घरी आणतात, ही त्यांची रीत. पण यंदा अंजनी नदीला घोटाभर पाणी, आणि भूपेंद्रला तर ड्रोनने शूटिंग करायचं होतं. त्याने टूम काढली, हायवे रुंद करताना खडीसाठी खणून सोडून दिलेली दगडाची खाण आहे, काठोकाठ भरली आहे, तिथे विसर्जन करू. रिकाम्या पिंपांचा तराफा बांधला, तराफ्यावर चौरंग, चौरंगावर कानबाई. मोठी माय मुखवटा उतरवायला गेली तर हा म्हणाला, ऱ्हाऊ दे माय, चेहरा दिसाले पाहिजे. मग आपलाही चेहरा दिसावा म्हणून तराफ्याच्या एका कडेला जाऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागे फोटोत यायला आणखी चौघे. तराफा कलला. नारळ तरंगत परत आला. त्याला तेवढी अक्कल होती. मुखवटा गेला तळाला, एकशेचाळीस फूट खाली.

मोठ्या मायने त्या दिवसापासून अन्नाला शिवायचं सोडलं. कुणाला बोलली नाही, मुलालाही नाही, ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसून राहिली. मग भाऊबंद जमले आणि भाऊबंद जे करतात ते त्यांनी केलं, म्हणजे चहा पीत एकमेकांवर ढकललं. शेवटी सगळ्यांच्या नजरा रुपचंदकडे वळल्या. त्याने आधी खरं तेच सांगितलं. साध्या हवेवर एवढ्या खोल जाणं शहाणपणाचं नाही. हेलियम मिसळलेली हवा लागते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहतं. ती मुंबईहून मागवावी लागेल, वेळ लागेल, तोवर सगळ्यांनी गप बसायचं. इथवर ठीक होतं. पण भूपेंद्र बशीतला चहा फुंकत म्हणाला, भाऊनं आते वय व्हयनं, आपण दुसरा पाणबुड्या पाहू.

झालं. पुनमने नवऱ्याच्या मानेची शीर ताठ झालेली बघितली. समुद्राने वीस वर्षांत शिकवलेलं एका भिकार वाक्याने पुसून टाकलं होतं. आयुष्यभर गावाला मूर्खपणाच्या पदव्या वाटणाऱ्याने एक स्वतःसाठी राखून ठेवली होती. घरी गेल्यावर तिने त्याला तसं तोंडावर सांगितलं, अगदी याच शब्दांत. वर म्हणाली, की मोठी माय उद्या जेवेल, परवा जेवेल, पण तुम्ही खाली राहिलात तर मी कुणाच्या ओट्यावर बसू. तो हवेच्या टाकीचा काटा बघत राहिला. मोठ्या मायसाठी जातोय एवढं कबूल करायलाही त्याची जीभ वळली नाही. भूपेंद्रच्या थोबाडीत मारायला जातो, म्हणाला.

दोराला दुसरा हात हवा म्हणून पुनमने चुडामणला धुळ्याहून बोलावून घेतलं. गावातल्या माणसावर तिचा भरवसा नव्हता, आणि तो किती योग्य होता ते पुढे दिसलंच.

उतरायच्या दिवशी सकाळी खाणीच्या काठावर जत्रा भरली. भूपेंद्र ऑक्सिजनची टाकी घेऊन आला. कोरोनात त्याने कुठून कुठून टाक्या गोळा करून वाटल्या होत्या, त्यातली ही उरलेली, तिच्यावर त्याचा हात जोडलेला फोटो अजून चिकटलेला. भाऊ, साधी हवा कायले, शुद्ध ऑक्सिजन वापर, असं तो चार लोकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. रुपचंदने त्याला काठावरच्या सगळ्यांसमोर सोलून काढलं. म्हणाला, तुझ्या डोक्यात हवा आहे तीही साधीच आहे, तरी तुला झेपत नाही. खाली पाण्याचा दाब असतो. एकशेचाळीस फुटांवर एका श्वासात इथल्या पाचपट भरते. साध्या हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा, म्हणून ती तिथे चालून जाते. शुद्ध ऑक्सिजन त्या दाबाला घेतला तर विष. मिरगीचा झटका येतो, दातखीळ बसते, तोंडातली नळी सुटते आणि माणूस पाणी पिऊन मरतो. चांगलं दांडगं जनावर असलं तरी मरतं, तुझ्यासारखं तर आधी मरेल.

पण टाकी त्याने परत पाठवली नाही, कारण ती एका कामाची होती. खोल गेलेल्या माणसाला वर येताना वीस फुटांवर थांबावं लागतं, अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जाईपर्यंत. आणि तिथे, तेवढ्या उथळ पाण्यात, ऑक्सिजन घेतला तर थांबणं लवकर संपतं. रुपचंदने टाकीला तोंडात धरायची नळी बसवली, तराफ्याच्या कोपऱ्याला ती बरोबर वीस फुटांवर लोंबत बांधली आणि उरलेला दोर बाजूला गुंडाळून ठेवला. या दोराला कुणीही हात लावायचा नाही, असं त्याने सगळ्यांकडे बघून सांगितलं. भूपेंद्रने मान डोलावली. त्याच्या कानात शिरला तो एवढाच शब्द, ऑक्सिजन. बाकीचं कान वाजले तसं त्याने सोडून दिलं.

रुपचंद पाण्यात उतरला. तराफ्यावर पुनम, तिच्यामागे चुडामण, आणि कुणी नको म्हणत असताना चढून बसलेला भूपेंद्र. काठावर मोठी माय, डोक्यावर पदर, मांडीवर तो नारळ.

खालून आवाज यायला लागला तसं पुनमला बरं वाटलं. काय घाण करून ठेवलीये हरामखोरांनी, असं तो म्हणत होता. चाळीस फुटांवर दारूच्या बाटल्या दिसल्या, त्या कुणाकुणाच्या असतील त्यांची नावं घेतली. साठ फुटांवर दगड पोखरणाऱ्या ठेकेदाराला घेतलं. ऐंशीवर चुडामणची आठवण झाली. खडूच्या तुकड्याला दोर धरता येतो का बघ, म्हणाला, का फळ्यावर काढून दाखवू. चुडामणला फोनमधलं काही ऐकू येत नव्हतं. तो तळहात घट्ट आवळून इमानदारीने दोर सोडत होता. दोराला दर दहा फुटांवर लाल चिंधी बांधलेली, ती एकेक पाण्यात जात होती.

शंभर गेले. शिव्या विरळ झाल्या. मग थोडा वेळ नुसता श्वास, आत ओढलेला आणि बुडबुड्यांनी सोडलेला. पुनमने विचारलं, पोचलात का? पोचलो, म्हणाला. गाळ आहे, विजेरीच्या उजेडात पुढचं दिसत नाही, हाताने चाचपडतोय. आणि मग सहज म्हणाला, काय सुंदर कापलाय गं दगड.

पुनमचा हात दोरावर थबकला. दगडाचं कौतुक हे कौतुक धरायचं का? नियमात माणूस होता की दगड चालत होता, तिला आठवेना. विचारायचं नाही असं त्याने बजावलेलं, तरी तिने विचारलं, बरं वाटतंय ना? उत्तर आलं ते अहिराणीत. आणि रुपचंद अहिराणी बोलायचा तो फक्त मोठ्या मायशी, तेही लहानपणी; समुद्रावरून आल्यापासून ती भाषाही त्याला येड्यांची वाटायची.

"भूपेंद्र चांगला पोऱ्या शे," तो म्हणाला. "आपला लोके बठ्ठा चांगला शेतस."

इथे दोर ओढायचा होता. याच्याइतकी स्वच्छ खूण आकाशातून देवानेही धाडली नसती. भूपेंद्रला चांगला म्हणणारा माणूस शुद्धीवर असणं शक्यच नव्हतं. पुनमने दोर मुठीत घेतला, मागे वळून चुडामणला खूण करणार, तेवढ्यात फोनमध्ये आपलं नाव ऐकलं.

"पुनम," तो म्हणाला, अगदी हलक्या आवाजात. "तुन्हा हातनी कळण्यानी भाकर. मी तुले कधी सांगं नही."

ती थांबली. थांबायला नको होतं, तिला कळत होतं, आणि तरी थांबली. उन्हात त्या हलत्या तराफ्यावर, हातात नवऱ्याचा जीव, आणि ही बया भाकरीचं कौतुक ऐकत बसली. पण कुणी दोष द्यायचा असेल त्याने आधी अठरा वर्षं ते ताट वाढून बघावं. चुडामण विचारत होता, काय झालं अक्का, ओढू का? तिने हाताने त्याला थोपवलं. एवढं एक ऐकते. एवढं एकच.

"तू काठवर ऱ्हास ना," तो म्हणत होता, "म्हणीसन मी खाले उतरस. दुसरं कोनी ऱ्हातं तर मी उतरताच नही." मग त्याचा आवाज लहान मुलासारखा खूश झाला. "हाई देख. भूपेंद्रनी टाकी धाडी मन्हाकरता."

पुनमने गर्रकन मागे पाहिलं. तराफ्याच्या कोपऱ्यावर भूपेंद्र उकिडवा बसला होता. गुंडाळलेला दोर संपत आला होता आणि शेवटचे दोन वेढे तो जपून, प्रेमाने सोडत होता, जसं पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या पानात आग्रहाने वाढतात. भाऊ एवढा खोल शे, वहिनी, आणि टाकी इतली वर काय कामनी, म्हणाला. दिधी भाऊले जवळ. आणि हसला. फोटोतल्यासारखाच.

तोंडावरचा मास्क काढल्याशिवाय त्याला टाकीची नळी तोंडात धरता येणार नव्हती. आणि एकदा मास्क काढला की फोनही बंद.

"अहो, त्या टाकीला हात लावू नका," ती म्हणाली. "ते विष आहे. तुम्हीच सांगितलंत."

"त्यानी मन्हाकरता धाडी," रुपचंद समजूत घातल्यासारखं म्हणाला. "नही म्हनं तर त्याले वाईट वाटी. एक घोट लेस आनि येस." आणि मग, मास्कचा पट्टा सोडताना करकर वाजला त्यातून, "पुनम, तू नही ऱ्हाती तर मी..."

तिने दोर ओढला.

वाक्य तिथेच तुटलं. ती ओढत होती, हातावर हात, आणि तिच्यामागे तो खडूचा तुकडा जोर लावून मागे रेलला होता. एकदम झटक्याने ओढायचं नाही, फुप्फुसं फाटतील, हेही रुपचंदनेच शिकवलेलं, म्हणून दात खाऊन ती एका लयीत ओढत राहिली. फोनमध्ये काही नव्हतं. श्वासही नाही, नुसती खरखर. पहिली लाल चिंधी वर आली. भूपेंद्र म्हणाला, हळू वहिनी, टाकी अडकी. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. तो त्या क्षणी मेला असता तरी तिने दोर खाली ठेवून बघितलं नसतं. दुसरी चिंधी. ती मनात म्हणत होती, भाकरीसाठी मारलं मी याला. एका भाकरीच्या कौतुकासाठी. तिसरी चिंधी आली. दोर जड लागत होता, म्हणजे माणूस होता, पण कसा होता ते दोर सांगत नव्हता. चौथी.

आणि मग फोन खरखरला.

"कोण गाढव ओढतंय रे?" रुपचंद खेकसला. "माणूस आहे का बादली? आणि हा कुणी भडव्याने टाकी खाली सोडली? माझा मास्क अर्धा सुटलाय, पाणी शिरलंय. पुनम, मेलीस का, बोल."

पुनमला हुंदका आवरेना. तराफ्यावर बसकण मारून ती रडली आणि रडता रडता हसली, आणि चुडामण घाबरून विचारायला लागला, अक्का, गेले का? तिने फोन त्याच्या कानाला लावला. त्याने आपल्याबद्दलचे दोन शब्द ऐकले आणि त्याचा चेहरा खुलला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ते गोड लागले असतील.

टाकी तळाला गाळात रुतून बसली होती, म्हणून वीस फुटांवर रुपचंदला साध्या हवेवरच थांबावं लागलं, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. तो सबंध वेळ शिव्या देत होता. भूपेंद्रला, भूपेंद्रच्या ड्रोनला, ठेकेदाराला, तराफ्याच्या पिंपांना, दगडाला. पुनम कानाला फोन दाबून प्रत्येक शिवी ऐकत होती. एकही तिने वाया जाऊ दिली नाही.

वर आल्यावर तो काठावर झोपून राहिला. मुखवटा सापडला नव्हता. भाऊबंद भोवती जमले आणि कुणीतरी म्हणालंच, थोडं खायप्यायचं करू आणि दुपारी परत एकदा पाहू. भूपेंद्र तर तोवर सावरला होता. हेलियम ना भाऊ, म्हणाला. एरंडोलच्या बाजारात फुगेवाला बसतो, त्याची टाकी आणतो. पुनम उठली. आजवर भावकीत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती म्हणाली, की फुगेवाल्याची टाकी तुम्ही लावा भूपेंद्रभाऊ आणि उडून जा, आमचा माणूस आता या पाण्यात उतरणार नाही. तेवढ्यात मोठी माय पुढे आली.

मोठ्या मायने मांडीवरचा नारळ उचलून छातीशी धरला होता. तिने आधी रुपचंदच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, मग पोटच्या मुलाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. पायाला लागलेलं शेण बघावं तसं तिने बघितलं.

"ऱ्हाऊ दे मुखवटा," ती म्हणाली. "कानबाई नारळमा शे, चांदीमा नही. आनि तू पुढला साले नारळले हात बी लावू नको." मग पुनमकडे वळून म्हणाली, भूक लागनी, काही शे का खावाले?

लोक पांगले. भूपेंद्र गाडीत जाऊन बसला. काचेवरच्या नावामागे त्याचं तोंड दिसत नव्हतं, तेवढंच एक बरं. चुडामण मोठ्या मायला घेऊन घराकडे गेला. काठावर दोघंच उरली. रुपचंद उठून बसला होता, मास्कचा तुटलेला पट्टा बघत. पुनम दोर गोळा करत होती.

खाली काय बोललो, असं त्याने विचारलं. गाळापर्यंतचं त्याला आठवत होतं, पुढचं काही नाही. भूपेंद्र चांगला पोऱ्या आहे म्हणालात, तिने सांगितलं. तो बाजूला थुंकला. आणखी काय, म्हणाला. पुनमने दोराचा एक वेढा हातावर घेतला, मग दुसरा.

"पुढचं ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "मी दोर ओढला."

ते खोटंही नव्हतं. रुपचंद पट्ट्याकडे बघत बसला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, जिथून सुटला होता तिथे अंगठा घासला. किती थोडक्यात निभावलं ते त्या पट्ट्यावर त्याला वाचता येत होतं.

"बरं केलंस," तो म्हणाला.

पुनमच्या हातातला दोर गळून पडला. ती धावत त्याच्याजवळ गेली, त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, डोळे बघितले, कपाळाला हात लावला. "काय होतंय तुम्हाला? चक्कर येते का? बोटं हलवून दाखवा बरं."

त्याने तिचा हात झटकला. मला काय धाड भरलीये, म्हणाला, आणि तो दोर आधी उचल, मातीत लोळतोय, अक्कल नाही काडीची. पुनमने सुटकेचा श्वास सोडला आणि खाली वाकून दोर पहिल्यापासून गुंडाळायला घेतला.